बाम, हळद, सरकी आणि रेणूंच्या आतल्या भानगडी

या महिन्यात टपालाने आणि व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न वरवर बघितले तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, कुणी हळदीच्या डागाबद्दल विचारतंय, कुणी ढेपेबद्दल, एकीला परीक्षेचं टेन्शन. पण उत्तरं लिहायला बसले तेव्हा दिसलं की सगळ्यांचं मूळ एकच आहे. एकाच रेणूचे दोन भाग आतल्या आत एकमेकांना ओढतात, ढकलतात नाहीतर अडवतात, आणि पदार्थ पातळ की घट्ट, पिवळा की लाल, टिकाऊ की नाशवंत हे त्यावर ठरतं. म्हणून यावेळी सगळे एकत्रच घेतेय.

प्रश्न : ताई, ऑर्थो-नायट्रोफिनॉल वाफेबरोबर उडून येतं आणि पॅरा खाली राहतं. कारण लिहायचं ‘इंट्रामॉलिक्युलर हायड्रोजन बॉण्डिंग’, दोन मार्क. मार्क मिळतील पण मला कळलेलं नाही. हायड्रोजन बॉण्ड तर दोघांतही आहे ना, मग एकच का उडतं?
— बारावीची विद्यार्थिनी, सांगली

बरोबर जागी बोट ठेवलंस. हायड्रोजन बॉण्ड म्हणजे एका ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन दुसऱ्या ऑक्सिजनकडेही ओढला जाणं, आणि इंट्रामॉलिक्युलर म्हणजे हे एकाच रेणूच्या आत होणं. बॉण्ड दोघांतही आहे, फरक आहे तो कुणाशी आहे यात.

ऑर्थोमध्ये ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि नायट्रो (नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन) हे दोन गट बेंझिनच्या सहा कार्बनांच्या रिंगवर अगदी शेजारी. ओएचचा हायड्रोजन जरा वळला की त्याला नायट्रोचा ऑक्सिजन सापडतो, सहा अणूंचं एक कडं पूर्ण होतं आणि विषय घरातच मिटतो. हाताची घडी घालून बसलेला माणूस जसा, बाहेरच्याला द्यायला हातच मोकळा नाही. पॅरामध्ये हे दोघं रिंगच्या दोन टोकांना, एकमेकांपर्यंत पोचणं शक्यच नाही, मग इथला ओएच शेजारच्या रेणूच्या नायट्रोला धरतो, तो रेणू पुढच्याला, आणि लांबच लांब साखळ्या तयार होतात. उडायचं किंवा वितळायचं तर आधी या साखळ्या तोडायला हव्यात, त्याला जास्त उष्णता लागते. म्हणून ऑर्थो ४५ अंशांच्या आसपास वितळतं आणि पॅराला ११४ लागतात. शिवाय पॅराचा मोकळा ओएच पाण्यालाही धरतो, त्यामुळे ते उकळत्या पाण्यातच रमून राहतं, ऑर्थोला पाण्याशी फारसं देणंघेणं नाही, ते वाफेबरोबर निघून जातं. रेणूसूत्र दोघांचं तेच, वजन तेच.

आता हेच घरात बघ. दुखण्यावरच्या बहुतेक बामांच्या लेबलवर मिथाइल सॅलिसिलेट लिहिलेलं असतं, विंटरग्रीनचं तेल म्हणतात ते हेच, आयुर्वेदिक दुकानात गंधपुरा तेल म्हणून मिळतं. याच्यात ओएच आणि एस्टरचा गट शेजारी शेजारी आहेत, म्हणजे घडी घातलेली केस. त्यामुळे हा पदार्थ शून्याखाली आठ-नऊ अंशांपर्यंतसुद्धा पातळच राहतो, खोलीभर वास पसरतो आणि चोळला की कातडीतून आत जातो. याच रेणूतला ओएच उचलून समोरच्या टोकाला नेऊन ठेवला तर होतं मिथाइल पॅराबेन, पांढरी पावडर, जवळजवळ वास नाही, वितळायला १२५ अंशांच्या आसपास जावं लागतं. शाम्पू, क्रीम, कफ सिरप खराब होऊ नये म्हणून घालतात ते. दोन्हीत आठ कार्बन, आठ हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. आणि गंमत म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन, त्याचंही सूत्र हेच! त्यात ओएचच्या शेजारी मिथॉक्सी गट आहे, तिथे आतला बॉण्ड होतो पण कमकुवत, ओएच अर्धवट बाहेरही बघत असतो, आणि ते वितळतं ८१ अंशांच्या आसपास, दोघांच्या अधेमधे. माझं मत विचारशील तर पुस्तकात नायट्रोफिनॉलऐवजी हे तिघं द्यायला हवेत, नायट्रोफिनॉल कुणाच्या घरात असतं?

एक सांगून ठेवते, विषय निघालाच आहे तर. शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, साधारण ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका सॅलिसिलेट असतो. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक गोळ्या झाल्या. लहान मुलांच्या हाताला ही बाटली लागता कामा नये.

प्रश्न : हायड्रोजन आतल्या बॉण्डमध्ये अडकला तर तो सुटणं अवघड, म्हणजे आम्ल कमजोर व्हायला हवं. मग सॅलिसिलिक ॲसिड हे पॅरा-हायड्रॉक्सिबेन्झॉइकपेक्षा जास्त स्ट्राँग कसं? क्लासच्या नोट्समध्ये दोन्ही वाक्यं आहेत, दोन्ही पाठ करायची का?
— सीईटीची तयारी करणारा, नांदेड

पाठ नको करू, कुठला हायड्रोजन सुटतोय ते बघ. सॅलिसिलिकमध्ये दोन आहेत, एक कार्बॉक्सिलचा, म्हणजे आम्लाच्या सीओओएच गटाचा, एक फिनॉलचा, म्हणजे रिंगवरच्या ओएचचा. पहिल्यांदा सुटतो तो कार्बॉक्सिलचा, आणि तो गेल्यावर मागे जो ऋण भार राहतो त्याला शेजारचा फिनॉलचा हायड्रोजन घट्ट धरून सावरतो. म्हणजे इथे आतला बॉण्ड हायड्रोजन जाण्याआधी असतोच, पण गेल्यानंतर कितीतरी जास्त मजबूत होतो, म्हणून जाणं सोपं होतं. पीकेए, म्हणजे हायड्रोजन किती सहज सुटतो याचं माप (आकडा लहान तितकं आम्ल स्ट्राँग), ३ च्या आसपास. बेन्झॉइक ॲसिडचा ४.२, पॅरावाल्याचा ४.६. एक अंक म्हणजे दहापट हे लक्षात असेल तर पॅराच्या तुलनेत साधारण चाळीस पट फरक झाला.

आता दुसरा हायड्रोजन, फिनॉलचा. तो या सगळ्या कामाला जुंपलेला असतो म्हणून सुटता सुटत नाही, साध्या फिनॉलचा पीकेए १० आहे, याचा १३ च्याही वर जातो. तुझी दोन्ही वाक्यं खरी आहेत, एकाच रेणूतल्या दोन वेगळ्या हायड्रोजनांबद्दल आहेत इतकंच, आणि नोट्स लिहिणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

मॅलेइक आणि फ्युमारिक ॲसिडलाही हेच लाव. दोघांत दोन दोन कार्बॉक्सिल, मधे डबल बॉण्ड, त्यामुळे फिरायची सोय नाही. मॅलेइकमध्ये दोन्ही एका बाजूला, फ्युमारिकमध्ये विरुद्ध. मॅलेइकचा पहिला हायड्रोजन १.९ ला सुटतो आणि दुसरा थेट ६ च्या पुढे, फ्युमारिकचे ३ आणि ४.४. मॅलेइक १०० मिली पाण्यात ७० ग्रॅमच्या वर विरघळतं, फ्युमारिक एक ग्रॅमही नाही. सर्दीच्या गोळीच्या पट्टीवर क्लोरफेनिरामिन मॅलिएट वाचलं असशील आणि रक्तवाढीच्या गोळीवर फेरस फ्युमरेट, तेच हे दोघं.

प्रश्न : पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल का होतो? आणि उन्हात टाकला की जातो कसा? सासूबाई म्हणतात हळद अस्सल असेल तरच लाल होते.
— एक गृहिणी, डोंबिवली

सासूबाईंचं निम्मं बरोबर. लाल होते म्हणजे त्यात हळदीचा रंग आहे हे नक्की, पण भेसळीच्या हळदीतही थोडी खरी हळद असतेच की, त्यामुळे तेवढ्यावर अस्सल असं म्हणता येणार नाही.

हळदीचा रंग कुरकुमिनचा. या रेणूला दोन टोकांना दोन बेंझिनच्या रिंगा, प्रत्येकीवर एक ओएच, आणि मधे एक लांब पूल. त्या पुलाच्या मध्यावर दोन ऑक्सिजन जवळजवळ बसलेत आणि एक हायड्रोजन दोघांनी मिळून धरून ठेवलाय, एकाशी पक्का बॉण्ड, दुसऱ्याशी हायड्रोजन बॉण्ड, पुन्हा तेच सहा अणूंचं कडं. या कड्यामुळे रेणूचा मधला भाग ढिला पडत नाही, जवळजवळ सपाट राहतो, आणि रेणू सपाट असला की इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात. असा पसरलेला रेणू निळा-जांभळा प्रकाश खातो आणि आपल्याला उरलेला पिवळा दिसतो. मधला हायड्रोजन काढून ती जागा मोकळी वाकायला दिली तर पसारा मधेच तुटेल, आणि असा पिवळा रंग दिसणारच नाही.

साबण अल्कली असतो, तो टोकांवरच्या ओएचचे हायड्रोजन काढून घेतो, तिथे आलेला ऋण भार पुलावरून पसरतो, रेणू आता हिरव्याकडचा प्रकाश खायला लागतो आणि डाग लालसर होतो. लिंबू पिळा, परत पिवळा. उन्हाचं प्रकरण वेगळं, तिथे प्रकाश शोषून शोषून कुरकुमिनचा रेणूच तुटतो आणि तुकड्यांना रंग नसतो. म्हणून डाग ब्रशने घासत बसण्यापेक्षा कपडा ओला करून कडक उन्हात टाका.

कुंकवाचंही यातच आलं. चुना लावून केलेला लाल रंग साबणासारखाच. पण जुन्या पद्धतीत हळकुंडाला लिंबू आणि टाकणखार लावायचे, आणि लिंबू म्हणजे तर आम्ल, मग लाल कसं होतं? टाकणखारात बोरॉन असतो. तो बोरॉन आम्लात थेट त्या मधल्या हायड्रोजनची जागा घेतो आणि दोन्ही ऑक्सिजनांना पक्का धरून बसतो. लॅबमध्ये बोरॉन आहे का हे बघायला हळदीचा कागद वापरतात तो याच जोरावर.

प्रश्न : मेंथॉलचे आठ प्रकार असतात असं वाचलं, मग पुदिन्यात एकच का भरपूर सापडतं?
— निवृत्त शिक्षक, बेळगाव

सर, वनस्पतीतली एन्झाइम्स जे घडवतात तेच भरपूर मिळणार हे पहिलं कारण. पण त्या एकाची बैठकही सगळ्यात आरामाची आहे हे खरं. मेंथॉलमधली सहा कार्बनांची रिंग बेंझिनसारखी सपाट नसते, खुर्चीच्या आकारात वाकलेली असते. हे जर्मनीतल्या हर्मान झाक्से यांनी १८९० मध्येच सांगितलं होतं, कुणी फारसं ऐकलं नाही, तीन वर्षांत ते वारले. पुढे ऑड हासेल आणि डेरेक बार्टन यांना याच कामासाठी १९६९ चं नोबेल मिळालं. खुर्चीवर गट दोन तऱ्हेने बसतात, उभे किंवा आडवे बाहेर. उभे बसले की त्याच बाजूच्या इतर हायड्रोजनांना धक्का लागतो. नेहमीच्या मेंथॉलमध्ये ओएच, मिथाइल आणि आयसोप्रोपाइल तिघेही आडवे बसतात, कुणाचा कुणाला त्रास नाही. बाकीच्यांत एकाला तरी उभं राहावं लागतं, अपवाद फक्त याच्याच आरशातल्या प्रतिमेचा, ती वासाला आणि गारव्याला खूपच कमी पडते.

प्रश्न : ताई, सरकीची ढेप आमच्या गाई-म्हशी वर्षानुवर्षे खातात, दूध पण चांगलं लागते. मग पोल्ट्रीवाले म्हणतात कोंबडीला नको, विष आहे. एकाला खुराक आणि एकाला विष असं कसं?
— शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा

दादा, सरकी फोडून बघितली तर आत बारीक काळे ठिपके दिसतात ना, त्यांत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य भरलेलं असतं. किडीपासून वाचायला कपाशीने केलेली सोय आहे ती. या रेणूवर दोन अल्डिहाइड गट असतात आणि ते प्रथिनांना जाऊन चिकटतात. गाई-म्हशीच्या कोठीपोटात खाल्लेलं बराच वेळ घुसळलं जातं, तिथल्या प्रथिनांना गॉसिपॉल आधीच चिकटतं आणि बरंचसं निकामी होऊन पुढे जातं. कोंबडीला, डुकराला, आपल्याला कोठीपोट नाही, गॉसिपॉल मोकळंच रक्तात जातं. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिलं तर बलकाचा रंगसुद्धा हिरवट होतो. लहान वासराचं कोठीपोट अजून तयार झालेलं नसतं, त्यालाही ढेप देऊ नका. मोठ्या जनावरालाही किती द्यायची याला मर्यादा आहेच, ते तुमच्या पशुवैद्यांना विचारा.

आता यातलं मला जे सगळ्यात भारी वाटतं ते. गॉसिपॉलचे दोन सारखे अर्धे भाग आहेत, मधे एकच साधा बॉण्ड. साधा बॉण्ड म्हणजे एरवी गरागरा फिरणारा. पण इथे बॉण्डच्या दोन्ही बाजूंना दोन्ही अर्ध्यांवर मिथाइल आणि ओएच असे गट बसलेत, फिरायला गेलं की ते एकमेकांवर आदळतात, म्हणून दोन्ही भाग एकमेकांना काटकोनाच्या जवळपास आडवे उभे राहतात आणि तसेच अडकतात. अडकताना दोन तऱ्हेने अडकू शकतात, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. म्हणजे डावं-उजवं असं दोन प्रकारचं गॉसिपॉल तयार होतं, आणि तेही, एरवी डावं-उजवं व्हायला लागतो तसा चार वेगळे गट जोडलेला एकही कार्बन नसताना, फक्त आतल्या धक्काबुक्कीमुळे! अशा अडकलेल्या जोड्या वेगळ्या करता येतात हे क्रिस्टी आणि केनर या दोघा रसायनतज्ज्ञांनी १९२२ मध्ये एका वेगळ्या रेणूवर दाखवलं.

हा फरक कागदावरचा नाही. ध्रुवित प्रकाशाचं प्रतल डावीकडे वळवणारं आणि उजवीकडे वळवणारं यांतलं डावं जास्त उपद्रवी, नराचं वीर्य बिघडवणारं तेच. चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी गॉसिपॉलच्या मोठ्या चाचण्या झाल्या, पण काहींचं रक्तातलं पोटॅशियम पडलं आणि काहींना नंतरही मूल होईना, म्हणून ते सोडून दिलं. आपल्या नेहमीच्या कपाशीत दोन्ही मिसळलेली असतात, उजवं थोडं जास्त. समुद्रकिनाऱ्याला परसपिंपळ असतो, काही ठिकाणी भेंड म्हणतात, त्याच्यात मात्र जवळजवळ फक्त उजवंच.

सरकीच्या तेलाची काळजी नको, रिफाइन करताना अल्कलीत गॉसिपॉल निघून जातं. टेक्सासमध्ये कीर्ती राठोर यांच्या गटाने बीमध्ये गॉसिपॉल जवळजवळ नाही पण पानाफांद्यांत आहे असा कापूस केलाय, म्हणजे कीड लांब राहते आणि सरकी खाता येते, त्या सरकीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०१९ मध्ये परवानगीही दिली. आपल्याकडे असं वाण आलं तर ढेपेचा बाजारच बदलेल, पण बियाण्याच्या मंजुऱ्यांचा आपल्याकडचा वेग तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

प्रश्न : मुलाचं अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप पावडर असताना दोन वर्षं टिकतं, पाणी घातलं की आठवड्यात फेका म्हणतात. कंपन्यांची विक्री वाढवायची युक्ती आहे का ही?
— एक आई, ठाणे

युक्ती नाही हो, त्या रेणूची रचनाच तशी आहे. पेनिसिलिनच्या सगळ्या घराण्यात मधे चार अणूंची एक चौकोनी रिंग असते, बीटा-लॅक्टम. चौकोन म्हटलं की कोन ९० अंशांच्या आसपास आले, आणि त्यातल्या अणूंना हवे असतात १०९ ते १२०. म्हणजे रिंग कायम ताणलेली. त्यात ती शेजारच्या पाच अणूंच्या रिंगला अशी वाकून जोडलीय की नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन शेजारच्या कार्बोनिलला, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीला, नीट मिळत नाहीत, एरवी प्रथिनांतले असले बॉण्ड ज्या वाटणीमुळे वर्षानुवर्षे टिकतात तीच वाटणी इथे जमत नाही. म्हणून ही रिंग कुणीतरी धक्का दिला की उघडते. जिवाणूच्या भिंती बांधणाऱ्या एन्झाइमने धक्का दिला तर उघडून त्यालाच कायमची चिकटते आणि जिवाणू मरतो, हेच आपल्याला हवंय. पण पाणीसुद्धा हळूहळू धक्का देतंच, आणि पाण्याने उघडलेलं औषध मग काही कामाचं नसतं. थंडीत हे हळू होतं म्हणून फ्रीज. रिंग मजबूत केली तर बाटली वर्षभर टिकेल, पण जिवाणूही मरणार नाही.

पेनिसिलिनची ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांनी पक्की केली, तोवर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखे मोठे रसायनतज्ज्ञ अशी नाजूक रिंग मानायला तयार नव्हते. आणि दहा वर्षांत ते आपल्या पिंपरीत बनायला लागलं, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची.

आतल्या भानगडीचा अजून एक नमुना. पहिलं पेनिसिलिन, ‘पेनिसिलिन-जी’, इंजेक्शननेच द्यावं लागायचं, कारण पोटातल्या आम्लात त्याच्याच शेपटीवरचा (चौकोनाला बाहेरून जोडलेल्या साखळीवरचा) ऑक्सिजन वळून स्वतःच्या चौकोनावर हल्ला करतो. बाहेरच्या शत्रूची गरजच नाही. अमॉक्सिसिलिनच्या शेपटीवर एक अमिनो गट जास्त आहे, आम्लात त्याच्यावर धन भार येतो, तो शेपटीतले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो आणि त्या ऑक्सिजनचा जोर जातो. म्हणून तुमच्या मुलाला सुईऐवजी सिरप मिळतंय.

पाणी लेबलवर सांगितलंय तितकंच घाला, उकळून पूर्ण गार केलेलं, तारीख बाटलीवर पेनने लिहा. लेबलवर सात दिवस लिहिलं असेल तर सात, काहींना दहा किंवा चौदाही चालतात. बाटली फ्रीजच्या दारात नको, आत ठेवा, दार सारखं उघडतं तिथे तापमान वरखाली होत राहतं.